हेलियमवरचा नारळ

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दानेश्वरीनं आकाराममामांच्या मुस्काटात भडकावली. असं सरळ सांगितलं की सोपं वाटतं, पण तिला स्वतःला हे वाक्य मनातसुद्धा धड पुरं करता येत नव्हतं. हात खाली आला होता, तळवा झिणझिणत होता, समोर रिटायरमेंटला टेकलेला प्रयोगशाळेचा मदतनीस गालाला हात न लावता उभा होता, आणि तिच्या डोक्यात एकच खुळा विचार फिरत होता, की चष्मा कुठं पडला? खाली वाकून तिनं टेबलाखाली बघितलंसुद्धा. चष्मा पडलाच नव्हता. मामा चष्मा घालतच नव्हते. चष्मा अव्वाचा, तिच्या आईचा, पडायचा, हातकणंगल्याच्या घरात, कधी पलंगाखाली तर कधी न्हाणीच्या उंबऱ्याशी, आणि तो शोधून आणायचं काम दानेश्वरीचं असायचं. आठवीपर्यंत तिनं तो इतक्या वेळा शोधला होता की काच कुठल्या बाजूला उडते हे तिला बघायच्या आधी कळायचं. आणि आज, स्वतःच्या प्रयोगशाळेत, नावापुढं डॉक्टर लागलेली, पोरं जिला भिऊन नाही तर मान देऊन गप्प बसतात अशी बाई, टेबलाखाली वाकून नसलेला चष्मा शोधत होती. काय म्हणायचं याला?

झालं होतं असं. सकाळी दार उघडून आत आल्यावर ती दिवा लावायच्या आधी कान देते. कान म्हणजे डावा. उजवा अप्पांनी, तिच्या वडिलांनी, ती सातवीत असतानाच कायमचा बसवला होता. खोलीच्या कोपऱ्यात चाकांवर उभं असलेलं छातीएवढ्या उंचीचं स्टीलचं भांडं, त्यात द्रवरूप हेलियम. शून्याच्या खाली दोनशे एकोणसत्तर अंश. एवढ्या थंडीतही ते बेटं आत मंद उकळतच असतं आणि त्याची वाफ मानेजवळच्या तोटीतून सूं करत बाहेर पडते. तो आवाज आला की भांडं ठीक. गेली कित्येक वर्षं दानेश्वरीचा दिवस त्या आवाजानं सुरू होत होता. आज आवाज नव्हता. तिनं दिवा लावला आणि बघितलं तर भांड्याच्या तोंडावर आंब्याची पाच पानं खोवलेली, त्यावर शेंडीचा नारळ, नारळाला हळदकुंकवाची बोटं, आणि पानांवर, नारळावर, झेंडूच्या माळेवर सगळीकडं पांढरंशुभ्र हिव जमलेलं. खाली पाटावर पाने, पक्कड, मल्टिमीटर आणि हेलियमची पातळी मोजायची ती लांब पोकळ नळी, नव्या नवरीसारखी नटवलेली. नळीबरोबर भांड्याचं तोंड बंद करणारं टोपणही पाटावर. म्हणजे तोंड परवा दुपारपासून उघडं होतं.

"कुणी केलं हे?" तिनं विचारलं तेव्हा आवाज अजून माणसात होता. "मीच की," मामा कौतुकानं म्हणाले. "परवा खंडेनवमी न्हवं का? तुम्हीच फोनवर म्हणालासा, मामा, मी हातकणंगल्याला जाते, पूजा येवस्थित करून घ्या म्हणून. आता आपलं मुख्य हत्यार म्हंजे ही काठी. ती पाटावर मांडाय नको? आणि पाटावर ठिवल्यालं हत्यार दसरा उलटल्याबिगार हलवायचं न्हाई. मग तोंड उघडं कसं ठिवायचं? म्हणून कलश केला. लै शोभून दिसत हुतं, मॅडम." त्या 'लै शोभून' वर हात सुटला. तिनं उचलला नाही, तिनं ठरवलं नाही. शिरोलीच्या भट्टीवरच्या भरमाप्पा मिस्त्रीचा, अप्पांचाच, हात ते मेल्यावर दोन वर्षांनी लेकीच्या खांद्यातून निघाला आणि आकारामच्या गालावर जाऊन बसला.

खोलीत दोघंच होते. मामा हलले नाहीत. बराच वेळ त्यांनी तिच्याकडं नव्हे, तिच्या हाताकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "हात वळखीचा हाय." तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही, उजवी बाजू त्यांच्याकडं होती. "काय म्हणालात?" "हात म्हणालो. ह्याच गालावर बसलाय की मागं. हितं यायच्या आधी मी शिरोलीत फौंड्रीत हुतो. साचा ओला ऱ्हायलता माझ्याकडनं. वरनं रस वतला आन् जे उडालं त्ये! एका पोराचं पाऊल गेलं. भरमाप्पांनी तिथंच माझ्या कानफटात दिली. तुम्ही डबा घेऊन यायचासा तवा. दोन येण्या घालून. मी वळखलं हुतं तुम्हाला पहिल्याच दिवशी, पर म्हटलं कशाला बोला." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, नाव काढल्यासारखा सूर होता. एवढी वर्षं हा माणूस तिच्या हातात पाने देत होता, चहा आणून ठेवत होता, आणि तिच्याकडं बघताना त्याला दिसत होते अप्पा. मग तिला भांड्याची आठवण झाली.

त्या उघड्या तोंडातून दोन दिवस हवा आत उतरत होती. हेलियमच्या थंडीपुढं हवा हवा राहत नाही, तिचा दगड होतो. पानांच्या फटीतून शिरलेली ओल आणि हवा मानेत गोठत गेली, थरावर थर बसत गेले आणि मान बुजली. वाफेची तोटीही त्या बुचाच्या वरच होती. खाली हेलियम उकळतंच होतं. कुकरची शिट्टी कुणी शिशानं बुजवावी आणि खाली गॅस चालू ठेवावा, तसं. नव्या भांड्यांना अशा वेळेसाठी दुसरी वाट असते. हे भांडं जुनं, एका मानेचं. वाफ कधीतरी वाट काढणारच होती. बूच उडवून काढेल की भांडं फाडून काढेल, एवढाच प्रश्न होता. तिनं चिमट्यानं नारळ उचलला, तो मानेला चिकटला होता, कट्ट असा आवाज होऊन सुटला. प्लॅस्टिकची सळई आत सोडली. कोपरभर गेली आणि टक् करून थांबली. तिनं पुन्हा टेकवली. टक्. भिंतीवर टकटक करावी इतका भक्कम आवाज होता.

तेवढ्यात प्रियदर्शनी आली, तिच्या हाताखाली पीएच.डी. करणारी मुलगी, डब्यात सोन्याची पानं आणि वड्या घेऊन. दारातच थबकली. "मामा, गालाला काय झालं?" गाल लाल झाला होता, बोटं उठली होती, कुणाही आंधळ्याला दिसली असती. दानेश्वरीनं तोंड उघडलं. त्याआधी मामा बोलले, "काय न्हाई वो. नायट्रोजन वतताना उडला. भाजल्यावानी झालंय." आणि हसले. दानेश्वरीचं उघडलेलं तोंड तसंच मिटलं. भाजलं! हा शब्द तिच्या घरचा होता. अव्वाचा ओठ फाटला की शेजारची आक्का विचारायची आणि अव्वा म्हणायची, बंबाची वाफ आली अंगावर, भाजलं. डोळा काळानिळा झाला तरी भाजलं. गळ्याखालचं हाड मोडलं तेव्हा मात्र भाजलं म्हणता येईना, तेव्हा माळ्यावरून पडले म्हणाली. अप्पा बाहेरच्या खोलीत विभूती लावून लिंगपूजा करत बसलेले असायचे आणि संध्याकाळी जिलबी घेऊन यायचे. सगळ्यांनी ती खायची. फाटक्या ओठानं अव्वाही खायची. दानेश्वरीला आजही जिलबीचा वास आला की मळमळतं. काल दसऱ्याला आपट्याची पानं द्यायला ती गेली तेव्हा अव्वानं अप्पांच्या फोटोला हार घातला होता. "देवमाणूस हुता बघ. रागीट हुता यवढंच." दानेश्वरी काही बोलली नाही. पुरणपोळी खाल्ली, पानं दिली आणि परत आली. ती तिथं असतानाच इथं नारळ ठेवला गेला होता, आणि अव्वाच्या घरात गिळलेलं सगळं तिनं इथं येऊन ओकलं होतं. आणि ज्याच्यावर ओकलं तो अव्वासारखाच हसत होता!

"प्रियदर्शनी, मजला रिकामा कर. खालच्या वर्गातली पोरंसुद्धा बाहेर काढ. खिडक्या उघड्या ठेव, आणि मी हाक मारेपर्यंत कुणीही आत यायचं नाही," ती म्हणाली. मुलीनं भांड्याकडं बघितलं, पाटाकडं बघितलं, पांढरीफटक पडली आणि पळाली. दानेश्वरीनं तांब्याची लांब नळी काढली. बूच फोडायचा उपाय तसा साधा आहे: नळीतून खोलीच्या उबेचा हेलियम वायू सोडायचा, नळी बुचावर टेकवून बर्फाला भोक पाडत न्यायचं. भोक आरपार गेलं की खालची कोंडलेली वाफ उसळून वर येते, त्या घटकेला तोंडावर काही नको, ना डोकं, ना हात. एकानं नळी धरायची, दुसऱ्यानं सिलिंडरची चावी. दुसरा माणूस पाहिजेच होता. "मी हाय की," मामा म्हणाले आणि न विचारता चावीपाशी जाऊन उभे राहिले.

तिनं हातमोजे घातले, तोंडावर काचेचा पडदा ओढला, नळी आत सोडली. वायू सुटला. बर्फानं हळूहळू जागा द्यायला सुरुवात केली, नळी बोटभर आत गेली, थांबली, पुन्हा गेली. हात काम करत होते आणि मन आपल्या वाटेनं निघालं. हा विषय का घेतला असं तिला मुलाखतीत विचारलं होतं तेव्हा तिनं काहीबाही सांगितलं होतं. खरं कारण एका दुपारचं होतं. विद्यार्थिनी असताना तिनं काचेच्या भांड्यात पहिल्यांदा हेलियम बघितलं. खदखदत होतं, बुडबुड्यांचा नुसता गोंधळ. सर पंपानं वरची वाफ ओढत होते. वाफ ओढली की उरलेलं आणखी थंड होतं, फुंकर मारून चहा निवतो तसं. वाफेचा दाब बघून तापमान सांगायचं, आणि कार्बनच्या एका चिमुकल्या तुकड्यातून वीज सोडून ते ताडून बघायचं. थंडी वाढेल तसा तो तुकडा विजेला अडवत जातो. काटा उतरत होता, उतरत होता, आणि एकाएकी सगळी खदखद थांबली. एकही बुडबुडा नाही. द्रव इतका निश्चल, की भांडं रिकामं वाटावं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं होतं. असं होता येतं? उकळणारं असं गप्प करता येतं? त्या दिवशी तिनं ठरवलं, आपण भट्टीच्या घरात जन्मलो असलो तरी आपण हे होणार. लग्न केलं नाही, पोर होऊ दिलं नाही, कुणावर आवाज चढवला नाही. विद्यार्थ्यानं महिन्याचं काम मातीत घातलं तरी 'पुन्हा करू' म्हणायची. लोक म्हणायचे, मॅडम किती थंड डोक्याच्या. तिला ते ऐकून सुख व्हायचं.

पण तिला दुसरंही ठाऊक होतं, आणि ते ती पोरांना दरवर्षी फळ्यावर शिकवायची. तो गप्प झालेला द्रव भांड्यात राहत नाही. त्याचा पापुद्रा भिंतीला धरून वर चढतो, काठ ओलांडतो आणि बाहेरून खाली ठिबकतो. आणि तो कार्बनचा तुकडा, त्यातून वीज जरा जास्त सोडली तर मोजता मोजताच तो तापतो आणि खोटं सांगायला लागतो. आपण किती थंड आहोत हे ती इतकी वर्षं रोज मोजत होती. आणि आज एका नारळानं काठ ओलांडला. नारळानं तरी कशाला, हात तयारच होता. मारल्यावर तळव्याला जे वाटलं ते तिला आता आठवलं आणि तिला स्वतःची किळस आली, कारण ते चांगलं वाटलं होतं. क्षणभरच, पण अंगातली सगळी घाण एका फटक्यात निघून गेल्यासारखं. अप्पांना रोज हेच वाटत असणार. म्हणून जिलबी आणत होते की काय? नळी आणखी बोटभर खाली गेली. आत कुठंतरी बारीक करकर ऐकू आली.

"मामा, आता तुम्ही बाहेर जा," ती म्हणाली. "चावी तेवढीच राहू द्या, इथून पुढं मी बघते." "न्हाई जाणार." "आकाराममामा, हे कधीही उडेल." "उडू दे की. चूक माझी हाय, मी थांबनार." नळीखाली बर्फ पुन्हा करकरला. "मी तुम्हाला मारलं," ती दातावर दात धरून म्हणाली, "आणि तुम्ही त्या पोरीला नायट्रोजन सांगितलंत. का?" मामांनी खांदे उडवले. "मग काय सांगू? मॅडमनं मारलं म्हणू? तुमचं नाव किती मोठं! आन् मारलं त्ये काय वंगाळ केलं न्हाईसा. चुकलं म्हणून मारलं. भरमाप्पांनी मारलं नसतं तर मी शाना झालो नसतो. मारणाऱ्याचा जीव असतो म्हणून त्यो मारतो. देवमाणूस हुता त्यो."

देवमाणूस! तिच्या डोळ्यांपुढं लाल झालं. चष्म्याची काच, न्हाणीचा उंबरा, अव्वाची वेणी अप्पांच्या मुठीत, भिंतीवर आपटणारं डोकं, धप्, धप्, आणि मध्ये अप्पांचा शांत आवाज, पुन्हा करशील? आणि अव्वा, न्हाई वो, माझं चुकलं. माझं चुकलं! सगळे मार खाल्लेले एकाच सुरात! या माणसाला हलवावं, धरून भिंतीवर आपटावं, तोंडातून एकदा तरी काढावं की मारलं ते चूक होतं. म्हणजे त्याला मार मिळायला नको होता हे पटवण्यासाठी ती त्याला मारणार होती. हे तिला कळलं, अगदी स्पष्ट कळलं, आणि तरीही हात थांबला नाही. उजव्या हातानं नळी सोडली, ती मामांकडं वळली आणि हात वर गेला.

मामांनी हवेतच तिचं मनगट धरलं. फौंड्रीची पकड, इतक्या वर्षांनीही तशीच. दोघं समोरासमोर, तिचा हात दोघांच्या डोक्याच्या वर, आणि त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदाच भीती नाही, समजूत नाही, नुसता राग. "बास," ते म्हणाले.

त्याच वेळी बूच उडालं. आवाज तिनं डाव्या कानानं ऐकला आणि मग काहीच ऐकू येईना. पांढरा खांब भांड्याच्या तोंडातून सरळ छतापर्यंत गेला, बर्फाचे खडे गोळ्यांसारखे भिंतीवर फुटले, तांब्याची नळी रबरासकट सिलिंडरपासून उपटून वर गेली आणि पंख्याचं एक पातं वाकवून छताच्या पत्र्यात घुसली. पाटावरची झेंडूची माळ खोलीभर उधळली. ढग खाली उतरला, मामांनी धरलेलं मनगट सोडलं नाही, तसंच तिला ओढत, फरफटत दाराबाहेर व्हरांड्यात नेलं आणि दोघं जमिनीवर बसली, धापा टाकत. तिनं हातमोजा काढला. बोटं होती. पाचही होती. नळीवर असती तर पत्र्यात असती.

प्रियदर्शनी धावत आली, मागून कार्यालयातले, वाचनालयातले, वॉचमन केरबा, सगळा घोळका. मुलगी रडत तिला बिलगली. कुणीतरी आत डोकावून छतात रुतलेली नळी बघितली आणि शिवी हासडली. "हात कुठं होता तुमचा, मॅडम?" "नळीवरच हुता," मामा म्हणाले. "म्या मनगट धरलं आन् वढलं. म्हणून वाचला." यातला प्रत्येक शब्द सुटा घेतला तर खरा होता. केरबानं मामांच्या पाठीवर थाप मारली, "आकाराम, लेका, जिकलास की!" कुणी पाणी आणलं, कुणी मामांच्या पाया पडलं. मामांच्या गालावर अजून बोटं होती आणि त्यांच्याकडं कुणी बघत नव्हतं. मामांनी मात्र तिच्याकडं बघितलं, अगदी ओझरतं, तसं अव्वा बघायची, शेजारणीला सांगून झाल्यावर. आता सगळं झाकलं गेलंय, आता घरात चल.

दाराआडून आवाज येत होता. सूं. भांडं पुन्हा श्वास घ्यायला लागलं होतं, म्हणजे आत अजून हेलियम शिल्लक होतं. दानेश्वरीनं तो आवाज ऐकला. तिला खूप बरं वाटलं, आणि रडूही आलं. प्रियदर्शनीनं डोळे पुसले आणि मामांना विचारलं, "पण मामा, नेमकं त्याच क्षणी ओढायचं हे तुम्हाला कसं काय कळलं?" मामा म्हणाले, "कळतंय की. सवय असती."

"त्यांना कळलं नव्हतं," दानेश्वरी म्हणाली. घोळका तिच्याकडं वळला. ती उठून उभी राहिली, उजवा हात सगळ्यांना दिसेल असा पुढं धरला. "हा हात मी यांना मारायला उचलला होता. म्हणून तो नळीवर नव्हता. आणि सकाळीही मारलंय. गालावर आहे ते नायट्रोजन नाही."

केरबाचा हात मामांच्या पाठीवर होता तसाच राहिला. प्रियदर्शनी त्या गालाकडं बघत होती आणि आता तिला बोटं दिसत होती, चार, अगदी वेगवेगळी.

"गप ऱ्हावा की, मॅडम," मामा खालच्या आवाजात म्हणाले. "कशाला उगंच."

ती गप्प राहिली नाही. नारळापासून सुरुवात करून तिनं सगळं सांगायला घेतलं.